पाणी न लागलेलं उखळ

"ॲड्रेनलिन पेन?" मेडिकलवाल्या पोराने मान वर केली. "इन्सुलिन पेन आहे, मॅडम."

"इन्सुलिन नको. ॲड्रेनलिन. ॲलर्जीचा झटका आला की मांडीत टोचतात ते."

"ॲलर्जी? ती तर संपली ना?"

देवीची साथ संपली, तसं म्हणाला. कोथरूडमधलं मी पालथं घातलेलं हे कितवं दुकान होतं देव जाणे, सगळीकडे उत्तर एकच. माझ्या पर्समध्ये शेवटचं पेन होतं. त्याची मुदत गेल्या दिवाळीत संपली होती. आणि शनिवारी मला सोलापूरला, शेंगाचटणी कुटणाऱ्या बिराजदारांच्या घरी, होणारी सून म्हणून जेवायला जायचं होतं.

"संपली नाही," मी म्हणाले. "मी आहे अजून."

त्याने "सॉरी मॅडम" म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध दिलं.

मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. शेंगदाणे आवडत नाहीत, पित्त होतं, असल्यातलं हे प्रकरण नाही. अर्धा दाणा मला मारू शकतो. मराठी घरात जन्माला येऊन शेंगदाण्याशी भांडण म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. कोशिंबिरीत कूट, वांग्यात कूट, उपासाच्या खिचडीत कूट. त्यातून आपल्या बायका कूट हा पदार्थच धरत नाहीत. "यात काय काय घातलंय?" विचारलं तर हिंगापर्यंत सगळं सांगतील आणि कूट विसरतील. माझ्या आईने माझ्या लहानपणापासून जेवढ्या बायकांना हा प्रश्न विचारला, तेवढ्यांनी तिला आगाऊ ठरवलं.

या भांडणाचं शास्त्र तसं सोपं आहे. आपल्या कातडीत, घशात, आतड्यात मास्ट पेशी नावाचे पहारेकरी असतात. जंत, विष असलं काही आलं की हिस्टामिन ओतून आरडाओरडा करायचा हे त्यांचं काम. माझ्या पहारेकऱ्यांना कुणीतरी शेंगदाण्यातल्या एका प्रथिनाचा फोटो चोर म्हणून दाखवून ठेवलाय. ते प्रथिन दिसलं की सगळे एकदम उठतात. रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब पडतो, घसा सुजून बंद होतो. चोर निरुपद्रवी, घर जळतं ते पहारेकऱ्यांच्या मशालींनी.

मी कॉलेजात असताना 'समेट' आलं. कल्पना सुंदर होती. आपण खातो त्या प्रत्येक घासाचं रक्त आधी यकृतातून जातं. तिथे रोज हजारो परके रेणू येतात आणि यकृत त्यांना निमूटपणे घरात घेतं. शरीरातली सगळ्यात समजूतदार जागा ती. शास्त्रज्ञांनी स्निग्ध पदार्थाचे अतिसूक्ष्म थेंब केले, त्यांत शेंगदाण्याच्या प्रथिनाचा एक तुकडा बनवायचा निरोप भरला आणि ते सुईने थेट यकृताकडे धाडले. यकृताने तो तुकडा स्वतः बनवून नियामक टी पेशींना दाखवला, की हा आपलाच. त्या पेशी मग अंगभर फिरून पहारेकऱ्यांना गप्प करतात. दोन सुया, महिनाभराचं अंतर, आणि माणूस शेंगदाण्याची चिक्की खात घरी.

तशाच सुया दुधाच्या, माशांच्या, मधमाशीच्या, औषधांच्या ॲलर्जीवरही निघाल्या. शंभरातल्या सत्त्याण्णवांचा समेट झाला. माझ्या यकृताने सही केली नाही.

का, ते कुणाला ठाऊक नाही. आमच्यासारख्यांचं यकृत ते थेंब वाचायच्या आधीच पुसून टाकतं, एवढंच कळलं. पुढचं संशोधन थांबलं, कारण तीन टक्क्यांत धंदा नाही. गरज सरो, वैद्य मरो. पाकिटांवरची 'यात शेंगदाणा आहे' ही ओळ गेली. आता त्या जागी स्पर्धेची बक्षिसं छापतात. विमानात पुन्हा खारे दाणे आले. अन्नाला लावून तपासायच्या काड्यांची कंपनी बंद पडली. पेन बनवणारी बंद पडली. ॲलर्जीचे डॉक्टर दुसऱ्या कामाला लागले. आम्ही उरलेले एकमेकांना मुदत संपलेली पेनं कुरिअरने पाठवतो.

मी लिफ्ट तपासते. सरकारी निरीक्षक आहे. लिफ्टला एक दोर पुरतो, तरी पाच-सहा लावतात; ते तुटले तर खाली पकड असते, तीही सुटली तर तळाला स्प्रिंग. एवढं असतं म्हणून लिफ्ट पडत नाही. आणि हे शहाणे म्हणाले, बघा, लिफ्ट आता पडत नाही, तेव्हा दोर काढून घ्या.

सिद्धेश मला लिफ्टमध्येच भेटला. बाणेरच्या एका इमारतीत लिफ्ट अडकली होती. मी किल्लीने दार उघडलं, तर आत हा मांडी घालून बसलेला, समोर डबा, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा लाल ढीग. मी दार परत लावून घेतलं.

"ओ मॅडम!" आतून आवाज आला. "माणूस हाय की आत!"

"आधी डबा बंद करा! हात पुसा!"

"अहो, पण लिफ्ट अडकलीय का डबा?"

पुढे त्याने शेंगा सोडल्या. सोलापूरच्या माणसाने शेंगाचटणी सोडणं म्हणजे जवळजवळ संन्यास. मला भेटायला लागल्यापासून तो घरीही शेंगा खात नसे. माझ्या हातात हात देण्याआधी तो हात धुतो, आणि आता ते सवयीनेच करतो. एवढ्या माणसाला मी नाही कसं म्हणणार? आणि हो तरी कसं म्हणायचं?

"विहिरीत ढकलते का मी तुला?" आई म्हणायची. "आख्ख्या महाराष्ट्रात तुला शेंगाचटणीवालाच सापडला?"

"तो सॉफ्टवेअरमध्ये आहे."

"त्याची आई आहे ना चटणीत!"

त्याची आई, महादेवीकाकू. नवरा लवकर गेला. त्यांनी एका उखळावर धंदा उभा केला. आता हाताखाली बायका आहेत, यंत्रंही आहेत, पण खास चटणी अजून त्या दगडी उखळातच कुटतात. सिद्धेशने त्यांना सगळं नीट सांगितलं होतं. कुठे मवाळ केलं नव्हतं. "अव्वा, एक कण गेला तरी ती मरंल," असं. त्यावर त्या फोनवर म्हणाल्या होत्या, "मग कणभर पण जाणार न्हाई. आण तिला."

शनिवारी मी, आई आणि सिद्धेश सोलापूरला उतरलो. पर्समध्ये जुनं पेन आणि दोन काड्या. जगात उरलेल्या माझ्या दोनच.

महादेवीकाकू दारात उभ्या होत्या. बुटक्या, रुंद हातांच्या, कपाळावर विभूती. भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि लगेच मला हाताला धरून घर दाखवायला निघाल्या, पण घर म्हणून नव्हे, तर एखादा आरोपी आपली बाजू मांडतो तसं.

"हे बघ. शेंगांची पोती आठवडा झाला गोदामात हलवली. कारखाना बंद ठेवलाय. बायकांना पगारी सुट्टी. भांडी चिंचेनं घासली, मग उकळत्या पाण्यातनं काढली. पोळपाट नवा. तेल करडईचं, डबा तुझ्यासमोर फोडते. मसाले घरी नवे केले."

त्यांनी मांडण्या पुसल्या होत्या, मांडण्यांच्या मागच्या भिंती पुसल्या होत्या. मी बारा मजली इमारतींच्या लिफ्टची तपासणी करते. इतकी तयारी मी एकाही सोसायटीची पाहिलेली नाही. आईचा चेहरासुद्धा सैल झाला. ती हळूच मला म्हणाली, "बाई चांगली आहे गं." आईकडून हे ऐकायला मिळणं म्हणजे आयएसओचं सर्टिफिकेट.

तरीही भीती अशी की तिला पुरावे दिले तरी ती जागेवरून उठत नाही. मी बसले, उठले, पाणी प्यायले, पर्स उघडून काड्या आहेत ना पाहिलं, पुन्हा बसले.

ताटं वाढली. कडक भाकरी, भरलं वांगं, आमटी, दही, हुग्गी म्हणजे खपली गव्हाची खीर. वांगं पाहून मी हात मागे घेतला. त्या लगेच म्हणाल्या, "तीळ आन् खोबरं हाय त्यात. कूट न्हाई."

काडी काढू की नको? होणाऱ्या सासूच्या समोर, तिच्या हातच्या जेवणात तपासणीची काडी बुडवायची? मी सिद्धेशकडे पाहिलं. तो म्हणाला, "लाव. अव्वाला सांगितलंय मी."

"लाव की," काकू म्हणाल्या. "त्यात लाजायचं काय?"

मी वांग्याच्या रसात काडी बुडवली. आमटीचा थेंबही तिलाच लावला, हुग्गीचाही. सगळे भाकरी न मोडता बसून राहिले. काडीवर एक निळी रेघ आली. दोन आल्या असत्या तर शेंगदाणा. एक म्हणजे स्वच्छ. काकूंनी देवाला हात जोडावेत तसे त्या काडीला जोडले आणि सगळे हसले. मीही हसले. किती दिवसांनी अनोळखी घरात भूक लागली होती!

आम्ही जेवायला लागलो, तेव्हा त्या आतून एक वाटी घेऊन आल्या.

"बिराजदारांच्या घरातनं ताटात चटणी न पडता पाव्हणा कधी उठला न्हाई," त्या म्हणाल्या. "शेंगांची न्हाई देता येत तुला, तर जवसाची केली. जवस निवडला मी एकेक. मीच भाजला, मीच कुटला. एक दाणा न्हाई शेंगेचा त्यात. तुझ्या आईची शपथ."

दुसरी काडी पर्समध्ये होती. हाताच्या अंतरावर. पण ती शेवटची होती, आणि शेवटची वस्तू माणूस नेहमी पुढच्या वेळेसाठी ठेवतो. शिवाय ज्या वांग्याची भीती होती ते स्वच्छ निघालं होतं. जवसाला कोण तपासतं? आणि त्या अशा उभ्या होत्या, हातात वाटी, तोंडावर एवढं कौतुक... मी भाकरीच्या तुकड्यावर चटणी घेतली. सुरेख होती. खरपूस, लसणाची, जराशी तेलकट.

दुसऱ्या घासाला ओठ खाजले.

पहिल्यांदा मी स्वतःलाच खोटं सांगितलं, की मिरची आहे. मग टाळू खाजली, कान आतून खाजले, आणि मग ते आलं, जे एकदा आलेलं माणूस कधी विसरत नाही: आता काहीतरी भयंकर होणार, अशी नुसती खात्री. मी "आई" म्हणाले. आई ताटावरून उठली होती आधीच. पेन तिच्या हातात होतं. साडीवरूनच तिने ते माझ्या मांडीत दाबलं.

मुदत संपलेल्या पेनात थोडा जीव होता. तेवढ्यावर मी हॉस्पिटलच्या दारापर्यंत पोचले.

तिथला डॉक्टर तरुण होता, चांगला होता, आणि त्याने असला झटका आयुष्यात पाहिला नव्हता. त्याच्या शिकण्याच्या काळात ॲलर्जी हा पुस्तकातला जुना धडा झाला होता. त्याने माझ्या मनगटावर यंत्र टेकवलं. पडद्यावर माझा आरोग्यपट उघडला. मी पडल्यापडल्या वाचला, कारण तो माझ्या तोंडासमोरच होता. 'शेंगदाणा: समेट पूर्ण.' सुया दिल्या, ती नोंद. लागू पडल्या का, ती नोंद ठेवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दोर लावला, पण ओढून पाहिला नाही. आणि तो निदान सुचवणारा पडदा 'ॲलर्जी' हा शब्द घ्यायलाच तयार नव्हता. त्याने सुचवलं: हृदयविकार, अंतर्गत रक्तस्राव, जंतुसंसर्ग.

"ॲलर्जी आहे तिला! शेंगांची!" आई ओरडत होती.

"ताई, रेकॉर्डला समेट पूर्ण आहे. आणि तुम्ही हे टोचलंत काय? त्यानेच ठोके वाढलेत. हृदयाचा प्रकार असेल आणि मी आणखी ॲड्रेनलिन दिलं तर ती जागेवर जाईल. कळतंय का तुम्हाला?" त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "पेशंटनी शेंगदाणे खाल्ले का? पाहिलेत तुम्ही?"

आई थांबली. तिने खोटं बोलायला हवं होतं, पण तिला सुचलं नाही. "नाही... पण..."

डॉक्टर सिद्धेशकडे वळला.

"नाही," सिद्धेश म्हणाला. रडत होता. "घरात दाणाच नव्हता, डॉक्टर. आठवडाभर सगळं धुतलंय आम्ही. काडीनं तपासलं पण."

तो खरं बोलत होता. माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या खरेपणाने माझा जीव जात होता. मला बोलायचं होतं, पण घसा चिमटीएवढा उरला होता आणि त्यातून शिट्टी वाजत होती.

तेव्हा मागून आवाज आला.

"मी घातलीय तिला शेंग."

महादेवीकाकू दाराशी उभ्या होत्या. पायात चप्पल नव्हती.

"अव्वा, काय बोललालीस?" सिद्धेश म्हणाला. "जवस होता तो."

"जवसच. पण उखळात कुटला." त्या डॉक्टरकडे बघत होत्या, दुसऱ्या कुणाकडेच नाही. "सगळी भांडी धुतली, साहेब. उखळ न्हाई धुतलं. उखळाला पाणी लावत न्हाईत आमच्यात. पाणी लागलं की चटणी खवट होती. माझ्या सासूनं लावलं न्हाई, मी लावलं न्हाई. नुसतं फडक्यानं पुसलं. जन्मभर शेंगाच कुटल्यात त्यात. शेंगेचं तेल दगडात मुरलंय, साहेब. ते हिच्या पोटात गेलंय. माझ्या हातनं गेलंय. द्या तिला ते औषध, मी सही करते."

दवाखान्यात माणसं होती. सोलापुरात त्यांना कोण ओळखत नाही? चटणीवाल्या महादेवीबाईंनी सुनेला शेंग कुटून घातली, हे संध्याकाळपर्यंत गावभर होणार होतं, आणि ते त्यांना माहीत होतं. तासाभरापूर्वीच त्यांनी माझ्या आईची शपथ घेतली होती. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कधीच कळलं नसतं.

डॉक्टरने पडद्याकडे एकदा पाहिलं. मग त्याने पडदा बाजूला ढकलला आणि ॲड्रेनलिनची सुई भरली. ते औषध तिथे होतंच. बंद पडलेली हृदयं सुरू करायला ते प्रत्येक दवाखान्यात असतं. फक्त ते मला द्यायला एक कारण हवं होतं.

मी वाचले. लिहितेय म्हणजे वाचलेच म्हणा.

दुसऱ्या दिवशी डोळे पूर्ण उघडले तेव्हा आई उशाशी होती, सिद्धेश पायाशी. महादेवीकाकू वॉर्डच्या दाराबाहेर फरशीवर बसल्या होत्या. मी हाताने बोलावलं. त्यांनी मान हलवली.

"नको ग. पदराला शेंग असंल माझ्या."

रात्रभर त्या तिथेच होत्या, असं नर्स म्हणाली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

आईने मला पुण्याला आणलं आणि लग्न मोडलं. मोडलं म्हणजे तिने मोडलं. मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. मला राग आला होता, पण तो ठेवायला जागा मिळत नव्हती. कुणावर रागवायचं? ज्या बाईने भिंती पुसल्या तिच्यावर? खरं बोललेल्या सिद्धेशवर? घरात मी एका खोलीतून दुसरीत फिरायची. फ्रीज उघडायची, बंद करायची. कामावर एका चांगल्या लिफ्टला मी नापास केलं आणि मग परत जाऊन पास केलं.

सिद्धेश येऊन बसला.

"मी सोलापूर सोडतो," तो म्हणाला. "अव्वाकडे जाणार नाही. ती इकडे येणार नाही. संपलं."

"आणि मी काय? आईपासून पोरगा तोडणारी?"

"मग मी काय करू, ओवी? सांग की!"

"मला माहीत असतं तर सांगितलं नसतं?"

तो निघून गेला. जाताना सवयीने बेसिनवर हात धुऊन गेला, आणि मी मात्र त्या नळाशी उभी राहून रडले.

काही दिवसांनी काकूंचा फोन आला. एवढ्या दिवसांत पहिला. कशी आहेस वगैरे काही नाही.

"उखळ धुतलं," त्या म्हणाल्या.

मी फोन घेऊन खुर्चीवर बसले.

"पाणी घातलं. उकळतं. सोडा घातला. सात वेळा. आता स्वच्छ झालं असंल का?"

खोटं बोलून त्यांना बरं वाटलं असतं. पण त्या बाईशी खोटं बोलायला माझी जीभ वळेना. "नाही होणार, काकू. दगडाला बारीक छिद्रं असतात. प्रथिन त्यात जाऊन बसतं. पाण्याने नाही निघत ते."

"मग माझ्या हाताला पण असतील की छिद्रं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी लगेच परत फोन केला. सांगायचं होतं, की नाही हो, कातडी दगडासारखी नसते, ती धुता येते, दर महिन्याला नवी होते. त्यांनी उचलला नाही. नंतरही नाही.

पुढच्या महिन्यात एका रविवारी दुपारी दार वाजलं. आई बाहेर गेली होती. मी गॅसवर आमटी ठेवून दार उघडलं.

महादेवीकाकू. नवी कोरी साडी, घडीच्या रेघासुद्धा मोडलेल्या नाहीत. केस न्हालेले आणि घट्ट बांधलेले. नखं कातडीपर्यंत कापलेली. त्या दारापासून दोन पावलं मागे उभ्या होत्या, आणि त्यांचे दोन्ही हात रिकामे होते.

आपल्याकडे सुनेच्या घरी, लेकीच्या घरी कुणी असं येत नाही. निदान दोन केळी, साखरेची पुडी, काहीतरी असतंच. आणि या बाईच्या घरून तर पोस्टमनही चटणीच्या पुडीशिवाय जात नसे.

"रिकाम्या हातानं आले ग," त्या म्हणाल्या. "जन्मात पहिल्यांदा. बहिणीकडं बार्शीला होते महिनाभर. शेंगेला हात लावला न्हाई, शेंगेच्या घरात पाय टाकला न्हाई. साडी दुकानातनं नेसूनच निघाले." मग त्यांनी उजवा तळवा पुढे केला. कुटून कुटून घट्टे पडलेला, रुंद. "काडी हाय का अजून एक?"

"आहे."

"लाव."

"काकू, असं कसं..."

"लाव म्हणते ना. राग यायचा असता तर एसटीत बसले असते का मी?"

मी काडी आणली. ज्या दिवशी वापरायला हवी होती त्या दिवशी पर्समध्ये राहिलेली, ती. माणसाच्या हाताला मी कधी काडी लावली नव्हती. ओली करून त्यांच्या तळव्यावर, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडेने फिरवली. त्या हात स्थिर धरून उभ्या होत्या, इंजेक्शन घेताना पोरं नजर फिरवतात तशी नजर फिरवून. मग आम्ही दोघी वाट बघत राहिलो, मी उंबऱ्याच्या आत, त्या बाहेर.

"काहीतरी करपतंय ग," त्या म्हणाल्या.

"करपू दे."

एक रेघ आली. दुसरीसाठी मी डोळे फाडून बघत राहिले. त्या काडीकडे बघतच नव्हत्या. माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"पास?"

"पास," मी म्हणाले आणि त्यांचा हात धरला. जड, गरम हात. त्यांना रडू फुटलं, मग मलाही.

"आता काडी संपली," मी जरा वेळाने म्हणाले. "पुढच्या वेळेला काय करायचं?"

"मला इचार," त्या म्हणाल्या. "मी खरं सांगीन."

त्या दिवशी दवाखान्याच्या दाराशी अनवाणी उभ्या राहिलेल्या या बाईकडे मी बघितलं. जगातल्या सगळ्या कंपन्या बंद पडल्या तरी ही एक तपासणी मला पुरणार होती. मी म्हणाले, "या आत."

"आमच्या घरी न्हाई येणार तू, ते कळलं मला," चप्पल काढताना त्या म्हणाल्या. "नको येऊस. तिथं दगड हाय. मी येत जाईन. तू वाढ, मी जेवीन."

आमटी तळाशी लागली होती. वरची काढून वाढली. भात, लिंबाची फोड. त्या पाटावर बसल्या, ताटाकडे पाहिलं आणि भाताला हातच लावला नाही.

"काय झालं?"

"चटणी न्हाई का ग?"

फ्रीजमध्ये खोबऱ्याची होती. मी वाटीत काढून दिली. त्यांनी बोटाने जिभेवर ठेवली, डोळे मिटले, आणि तोंड वाकडं केलं.

"मिक्सरची हाय," त्या म्हणाल्या, आणि आणखी मागून घेतली.